पोटरीची जखम भरली, दाताचा खळगा भरला नाही

यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी, वय ४६, वजन ४८ किलो. कापूस, तूर आणि सोयाबीन. वीस वर्षांपासून खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण), दिवसाला सहा-सात पुड्या. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीन सोंगताना त्याच्या डाव्या पोटरीला इळा लागला. तोवर त्याच्या तोंडात दुसरी एक जखम सहा आठवड्यांची झाली होती, पण तिच्याकडे कोणी जखम म्हणून पाहिले नव्हते.

हे प्रकरण कोण्या एका माणसाचे नाही. विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, दातांच्या दवाखान्यात आणि कर्करोग रुग्णालयात जे पुन्हा पुन्हा दिसते त्यातून ते जुळवले आहे. रुग्णाचे आकडे अशा स्थितीत नेहमी सापडणारे आहेत. दोन्ही जखमा एकाच शरीरातल्या घेतल्या, कारण नव्या रक्तवाहिन्या दोन्हीकडे फुटतात, आणि त्या कुठे थांबतात व कुठे थांबत नाहीत यावर पुढचा प्रत्येक निर्णय ठरतो.

पोटरी

जखम ७ से.मी. लांब, मध्ये २ से.मी. फाकलेली, चरबीच्या थरापर्यंत खोल. तो केंद्रात आला दुसऱ्या दिवशी सकाळी, सोळा तासांनी. जखमेत हळद आणि तंबाखूचा भुगा भरलेला. मातीतली, इतकी शिळी जखम टाके घालून बंद केली की आत पू कोंडतो. म्हणून ती सलाइनने धुऊन उघडीच ठेवली. धनुर्वातासाठी टीडीचे ०.५ मि.लि. इंजेक्शन दिले, पाच दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आणि रोज ड्रेसिंग सुरू केले. उघड्या जखमेचा एक फायदा असतो: रक्तवाहिन्या कशा तयार होतात ते नुसत्या डोळ्यांनी पाहता येते.

पहिले दोन-तीन दिवस तळ पिवळट-राखाडी दिसतो आणि घरचे लोक घाबरतात. त्या काळात आत तयारी चाललेली असते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आपल्या पिशव्यांतून वाढीचे संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी घाण खातात, आणि तुटलेल्या केशवाहिन्यांमुळे जखमेच्या मध्यभागी ऑक्सिजन पोहोचत नाही. केशवाहिनीपासून ऑक्सिजन जेमतेम ०.१ ते ०.२ मि.मी. अंतर झिरपतो. त्यापलीकडची पेशी गुदमरते, आणि हा गुदमराच नव्या वाहिनीला बोलावतो.

बोलावण्याची यंत्रणा अशी. प्रत्येक पेशी एचआयएफ-१ अल्फा नावाचे प्रथिन सतत बनवत असते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर एक एन्झाइम त्या प्रथिनावर खूण करते, व्हीएचएल हे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि पेशी ते काही मिनिटांत मोडून टाकते. खूण करायलाच ऑक्सिजन लागतो. तो नसला की प्रथिन साठते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि व्हीईजीएफ या संदेशाचे उत्पादन सुरू करते. हा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

व्हीईजीएफ जवळच्या शाबूत वाहिनीपर्यंत पोहोचला की तिचे अस्तर जागे होते. एरवी प्रौढ माणसात या अस्तरपेशी वर्षानुवर्षे न विभागता पडून असतात. आता त्यांच्याभोवतीच्या आधारपेशी सैल होतात, एन्झाइमे वाहिनीभोवतीचा पडदा विरघळवतात, जसा पाट काढण्यासाठी आधी बांध फोडतात. मग एक पेशी पुढे सरसावते. तिला बोटांसारखे तंतू फुटतात आणि त्यांनी चाचपत ती संदेश जिकडून येतो तिकडे जाते. तिच्या शेजारणींनीही पुढे धावायचे ठरवले तर वाहिनी होणारच नाही, नुसती गर्दी होईल. म्हणून ही टोकाची पेशी नॉच नावाच्या मार्गाने शेजारणींना मागे राहायला लावते. मागच्या पेशी विभागत जातात, त्यांच्यात पोकळी धरते, दोन कोंब एकमेकांना भेटतात आणि रक्त वाहू लागते.

चौथ्या दिवशी तळात लाल ठिपके दिसू लागले. नवव्या दिवशी पूर्ण तळ मखमली, बारीक दाणेदार लाल. सिस्टर लोक त्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. यातला प्रत्येक दाणा म्हणजे वर वळलेल्या केशवाहिन्यांचा झुपका. त्यांना दुखण्याची नस नसते, म्हणून चांगले ग्रॅन्युलेशन हात लावल्यावर दुखत नाही, पण कापसाने घासले की टिचभर रक्त येते आणि मिनिटभरात थांबते.

इथे ड्रेसिंगच्या चुका फार होतात आणि त्या थेट याच झुपक्यांवर बसतात. सुकून चिकटलेला गॉज ओढून काढला की आठ दिवसांत उगवलेल्या वाहिन्या त्याच्याबरोबर उपटून येतात. आधी सलाइन ओतून पाच मिनिटे भिजू द्यायचे, मग अलगद काढायचे. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट ओतण्याने जंतूंबरोबर कोवळ्या अस्तरपेशीही मरतात. फेस आला म्हणजे जखम साफ झाली असे नाही. दाणे फिके, पाणचट दिसले तर हिमोग्लोबिन पाहायचे. कातडीच्या वर फुगून आले तर नवी त्वचा त्यांच्यावर चढू शकत नाही, तेव्हा दाबाचे ड्रेसिंग द्यायचे. आणि जखमेत तंबाखू भरल्याने किंवा गालात ठेवल्याने निकोटीन बारीक धमन्या आवळते, तेवढा रक्तपुरवठा कमी होतो.

३३व्या दिवशी जखम मिटली. व्रण गुलाबी होता. याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही आणि आमच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. भरत असताना जखमेत वाहिन्यांची दाटी आजूबाजूच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त असते. ऑक्सिजन पोहोचला की एचआयएफ मोडू लागते, व्हीईजीएफ ओसरतो, थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ सारखे थांबवणारे संदेश वाढतात, आणि ज्या वाहिन्यांतून रक्त फारसे वाहत नाही त्यांच्या पेशी ठरवून मरतात. उरलेल्यांभोवती आधारपेशी घट्ट बसतात. सहा महिन्यांनी व्रण फिका पडतो तो यामुळे. पाळीच्या चक्रात गर्भाशयाच्या अस्तरात आणि बीजकोशातल्या पिवळ्या गाठीत हेच दर महिन्याला होते, वारेत नऊ महिने होते. ताडोब्यातल्या चितळाचे शिंग वाढताना त्यावर जी मऊ लव असलेली कातडी दिसते, ती रक्तवाहिन्यांनी भरलेली असते; शिंग पूर्ण वाढले की तिचे रक्त बंद होते आणि चितळ ती झाडाला घासून काढून टाकतो. निरोगी शरीरात वाहिन्या फुटणे आणि आवरते घेणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

गाल

ड्रेसिंगच्या बाराव्या दिवशी सिस्टरच्या लक्षात आले की हा माणूस बोलताना तोंड नीट उघडत नाही.

“भाऊ, तोंड काहून उघडत नाही तुमचं?”

“दात काढल्यापासून तसंच हाय सिस्टर. भोकच नाही भरून राह्यलं. गरमीचा छाला असन.”

डावीकडची खालची दाढ हलत होती म्हणून पोळ्याच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी त्याने ती काढून घेतली होती. नंतर छाल्याचे मलम, बी-कॉम्प्लेक्स आणि दोनदा प्रतिजैविके झाली. खळगा आता आठ आठवड्यांचा होता.

दात काढल्यावरचा खळगा ही पोटरीच्या जखमेसारखीच उघडी जखम असते. रक्ताची गाठ धरते, दोन-तीन दिवसांत कडेने वाहिन्या तीत शिरतात, आठवड्याभरात तिची जागा दाणेदार ऊती घेते, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आत कोवळे हाड धरू लागते आणि चार-पाच आठवड्यांत वरून हिरडी मिटते. तोंडाला रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की तिथल्या जखमा पोटरीपेक्षा लवकर भरायला हव्यात. इथे उलटे घडत होते. पोटरी वेळापत्रकाने चालली होती, म्हणजे रक्त, पोषण आणि साखर यांपैकी कशानेही भरणे अडलेले नव्हते. मग तोंडातच का अडले, हा प्रश्न सिस्टरने वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवला. निदान तिथेच अर्धे झाले.

तपासणीत तोंड २२ मि.मी. उघडत होते. मोठ्या माणसाचे ३५ ते ४५ उघडते. गावात मोजायला त्याचीच तीन बोटे उभी आत जातात का ते पाहावे. दोन्ही गाल आतून पांढुरके आणि बोटाला दोऱ्या लागाव्यात असे कडक. डाव्या बाजूला, खर्रा धरून ठेवण्याच्या गाल-हिरडीच्या खाचेत, ३ से.मी.चा व्रण, म्हणजे उघडी जखम, होता आणि खळगा त्याच्यातच उघडत होता. रंग लालच, आणि इथेच फसगत होते: “लाल आहे, म्हणजे भरतेय.” फरक बोटाने कळतो. भरणाऱ्या जखमेची कड उतरती, मऊ, आतल्या बाजूला निळसर-पांढरी किनार असलेली असते. ही कड उलटून वर आलेली आणि कडक होती. तळ फुलकोबीसारखा, वास येणारा, हात लावताच झिरपणारा, आणि झिरपणे थांबायला पाच-सात मिनिटे लागली. डाव्या बाजूच्या खालच्या ओठाला मुंग्या येत होत्या, म्हणजे जबड्याच्या हाडातून जाणारी नस धरली गेली होती. जबड्याखाली एक घट्ट गाठ.

कारण नसताना हलणारी दाढ, शेजारी व्रण आणि खर्रा, असे असेल तर दाढ उपटण्याआधी व्रणाचा तुकडा काढून तपासायला हवा. दाढ हलते कारण खालचे हाड गेलेले असते, आणि ती काढली की गाठीला हाडाच्या पोकळीत सरळ वाट मिळते. दोन आठवड्यांत न भरलेला छाला किंवा चार आठवड्यांनी उघडा असलेला खळगा यांना तिसऱ्यांदा मलम देऊ नये, एवढे प्रत्येक आशाताईंनी आणि दातांच्या प्रत्येक दवाखान्याने पाळले तरी खूप रुग्ण लवकर हाती लागतील.

गालात काय चालले होते

खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटलेला असतो. सुपारीतले ॲरेकोलिन गालाच्या तंतुपेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावते, आणि ते मोडण्याची क्रिया मंदावते. गाल जाड, ताठ होतो. पुढच्या टप्प्यात या तंतूंत केशवाहिन्या दबून कमी होतात, म्हणून तो पांढुरका दिसतो. म्हणजे कर्करोग होण्याआधीच गालाचे अस्तर अर्धपोटी असते, आणि अशा गालात एचआयएफ वाढलेले सापडते. तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्ये पेशीचे जनुक बिघडवतात तेव्हा ती बिघडलेली पेशी वाहिन्या बोलावणाऱ्या संदेशांच्या गर्दीतच जन्मते. निकोटीनचेही दोन चेहरे आहेत: जखमेकडे जाणाऱ्या धमन्या ते आवळते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गाठीच्या वाहिन्यांची वाढ मात्र त्याने चढवली.

बिघडलेल्या पेशींचा गोळा मि.मी.-दोन मि.मी.पर्यंत आजूबाजूच्या ऑक्सिजनवर जगतो. त्यापुढे त्याला स्वतःची रक्तवाहिनी लागते. ही गोष्ट बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडली आणि वाहिन्या रोखून गाठ रोखता येईल असेही सुचवले. बरीच वर्षे त्यांचे कोणी मनावर घेतले नाही. १९८६ साली हॅरोल्ड ड्वोराक यांनी गाठीला न भरणारी जखम म्हटले. संदेश तेच, पेशी त्याच. फक्त संदेश बंद होत नाही.

आणि बंद न होण्याचे कारण गाठीच्या वाहिन्यांच्या घडणीतच आहे. घाईघाईने फुटलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे आंधळ्या टोकाच्या असतात. आधारपेशी सैल, अस्तरात फटी. रक्तातले पाणी आणि प्रथिने बाहेर गळतात, गाठीच्या आतला दाब चढतो आणि त्या दाबाने बारीक वाहिन्या पुन्हा मिटतात. वाहिन्या भरपूर, तरी ऑक्सिजन नाही. अस्तर नसलेल्या पाटासारखे पाणी वाटेतच जिरते आणि शेवटचे वावर कोरडेच राहते. गुदमरा कायम, म्हणून व्हीईजीएफ कायम, म्हणून आणखी वाहिन्या.

सीटी स्कॅनवर हे सगळे दिसते. शिरेतून आयोडीनचे कॉन्ट्रास्ट देतात (त्याआधी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्यावे), ते गळक्या वाहिन्यांतून गाठीत साचते आणि गाठ उजळते. या रुग्णाच्या गालातली गाठ ३.४ से.मी.ची उजळली. मानेतली १.८ से.मी.ची गाठ कडेने उजळ आणि मधोमध काळी होती: तिथे रक्त पोहोचलेच नव्हते, पेशी मेल्या होत्या. मानेतली गाठ येते लसिकावाहिन्यांतून. त्यांना फुटायला लावणारा व्हीईजीएफ-सी हा व्हीईजीएफचाच भाऊबंद. जबड्याचे हाड कवच भेदून आतपर्यंत खाल्ले गेले होते. नुसता दाताच्या खळग्याचा वरवरचा भाग खाल्लेला असता तर टप्पा एवढा चढला नसता.

तुकडा व्रणाच्या कडेचा घेतला, निरोगी भागासह, आणि त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाकला. मधोमधचा तुकडा घेतला तर बहुतेक मेलेला भाग हाती येतो आणि “काही निष्कर्ष नाही” असा अहवाल घेऊन रुग्ण घरी जातो. निदान: मध्यम प्रतीचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कर्करोग; मूळ गाठ टी-४-ए, मानेतल्या ग्रंथी एन-१, टप्पा ४-ए. ‘चौथा’ ऐकून घरच्यांनी आशा सोडली होती. तोंडाच्या कर्करोगात ४-ए म्हणजे शस्त्रक्रियेने काढण्याजोगी गाठ, आणि बरे करण्याच्या उद्देशानेच तिचा उपचार होतो. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले नाही तर माणूस कापूस वेचून झाल्यावर येतो म्हणून जातो आणि फेब्रुवारीत येतो, तेव्हा मानेची गाठ फुटलेली असते.

शस्त्रक्रियेआधीचे तीन आठवडे

हिमोग्लोबिन ८.९. विदर्भात शस्त्रक्रियेआधी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी केलीच पाहिजे. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एचपीएलसी चाचणी केली: एएस, म्हणजे वाहक. यावर एक नेहमीची चूक होते, “सिकल आहे, म्हणून रक्त कमी.” वाहक असल्याने हिमोग्लोबिन ८.९ होत नाही. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन पाहिले तर लोह संपलेले होते. तोंड उघडत नाही म्हणून काही महिने भाकर सुटली होती, वरण-भाताच्या पाण्यावर दिवस चालले होते. शिरेतून १००० मि.ग्रॅ. लोह दिले, नागपूरला तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली तेव्हा हिमोग्लोबिन १०.८ होते. वाहक असल्याची नोंद भूलतज्ज्ञांसाठी ठेवली, म्हणजे रुग्ण गार पडू नये, पाणी कमी पडू नये, ऑक्सिजन उतरू नये.

रक्त वाढवण्याचा आणखी एक मार्ग सुचवला जातो, एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन. किरणोपचार घेणाऱ्या मान-डोक्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत त्याने हिमोग्लोबिन वाढले, पण गाठ उलट जास्त वेळा परतली, हे २००३ सालच्या युरोपातल्या चाचणीत दिसले. इथे ते देऊ नये.

उसनी वाहिनी

गाठ भोवतीच्या १ से.मी. निरोगी भागासह काढली, जबड्याचा डावा तुकडा आणि मानेतल्या लसिकाग्रंथी काढल्या. उरलेली पोकळी छातीच्या मोठ्या स्नायूवरच्या ८ बाय ६ से.मी. कातडीने भरली. हा पट्टा तोडून लावत नाहीत. त्याच्या स्वतःच्या धमनीच्या दांड्यावर, मानेच्या कातडीखालून वर फिरवतात. पायाच्या फिब्युलाचे हाड त्याच्या वाहिन्यांसह आणून मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडणे हा जास्त चांगला जबडा देणारा मार्ग आहे. त्यासाठी दोन-तीन मि.मी.च्या वाहिन्या शिवणारा चमू आणि पहिले दोन दिवस रात्रीही तासातासाला पट्टा पाहणारे हात लागतात. पट्टा फिका व गार म्हणजे धमनी अडली, निळा व फुगलेला म्हणजे शीर अडली. शिरेचा अडथळा जास्त वेळा होतो आणि वेळेत उघडला तरच पट्टा वाचतो. हे मनुष्यबळ नसेल तर छातीचा पट्टा घेणेच शहाणपणाचे.

कोणताही पट्टा असो, पहिले दोन-तीन आठवडे तो आणलेल्या वाहिनीवर जगतो आणि त्या काळात नव्या जागेच्या वाहिन्या कडेने त्यात शिरतात. पोटरीवर जे घडले तेच इथे घडते.

आठव्या दिवशी गळ्याच्या टाक्यातून लाळ झिरपू लागली. अर्धपोटी गाल, कमी प्रथिने आणि शिवणीवर सतत लाळ, यात हे अनपेक्षित नव्हते. पुन्हा शस्त्रक्रिया केली नाही. तोंडाने काही नाही, नळीतून दूध, अंडे आणि गाळलेले घट्ट वरण, दिवसाला ६५ ते ७० ग्रॅम प्रथिने बसतील असे. दिवसातून दोनदा बारीक गॉजची वात. चौदाव्या दिवशी आत लाल दाणे, २६व्या दिवशी छिद्र बंद. गाठीचा अहवाल: कड सर्वांत जवळ ७ मि.मी.वर मोकळी, ३४ पैकी एका ग्रंथीत रोग, ग्रंथीचे कवच शाबूत. म्हणून किरणोपचार लागणार होते, त्याच्यासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध लागणार नव्हते.

किरणोपचार शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. इथे ४१व्या दिवशी सुरू झाले: ३० बैठका, एकूण ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचे एकक). इथेही ऑक्सिजनच ठरवतो. किरणांनी पेशीच्या जनुकावर केलेली जखम ऑक्सिजन असला तर कायम होते. गुदमरलेल्या पेशीला तेवढ्याच परिणामासाठी अडीच ते तीन पट मात्रा लागते. लोह देण्याचा खटाटोप जखमेसाठी जेवढा होता तेवढाच यासाठी. आणि खर्रा बंद झाला आहे का, हे किरणोपचाराच्या काळात दर आठवड्याला विचारायचे.

“रक्त तोडायचं इंजेक्शन”

नागपुरातल्या भाच्याने मोबाइलवर वाचले होते की गाठीचे रक्त तोडणारे इंजेक्शन असते. घरचे विचारत होते, मग एवढे कापले कशाला?

ते इंजेक्शन म्हणजे बेव्हासिझुमॅब, व्हीईजीएफला पकडणारे प्रतिपिंड. २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. केमोथेरपीसोबत दिल्यावर त्या चाचणीत मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण जेवढा काळ जगले तो) १५.६ महिन्यांवरून २०.३ झाले. गाठीचे रक्त पूर्ण तुटते असे मात्र नाही. आयआयटी कानपूरमधून शिकलेले राकेश जैन यांनी २००१ मध्ये मांडले की असे औषध काही काळ गाठीच्या वाहिन्या सरळ आणि कमी गळक्या करते, त्यामुळे केमो आत पोहोचते. शिवाय गाठ इतर संदेश वापरू लागते, किंवा जुन्याच वाहिन्यांना लगटून वाढते.

या रुग्णाला ते का नाही? एक, जखम भरायला लागणारा व्हीईजीएफही तेच पकडते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत. त्याचे अर्धायुष्य वीस दिवसांच्या आसपास आहे. आठव्या दिवशीचे ते छिद्र या औषधाखाली मिटले नसते. दोन, तोंडाची गाठ मानेच्या मोठ्या धमनीशेजारी असते. मान-डोक्याच्या परतलेल्या किंवा पसरलेल्या कर्करोगाच्या ४०३ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत केमोला बेव्हासिझुमॅब जोडल्याने आयुष्य खात्रीने वाढले नाही (१२.६ विरुद्ध ११ महिने), आणि गंभीर रक्तस्राव ०.५ टक्क्यांवरून ६.७ टक्के झाला. त्यासाठी वावर गहाण टाकायचे कारण नाही.

वाहिन्यांवरच काम करणारे एक औषध कुष्ठरोगामुळे विदर्भाच्या ओळखीचे आहे. कुष्ठरोगातल्या गाठींच्या तीव्र प्रतिक्रियेवर थॅलिडोमाइड १९६०च्या दशकापासून वापरले जाते. गरोदरपणात घेतल्यावर बाळांचे हातपाय खुंटत असत. १९९४ साली फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत दिसले की ते नव्या वाहिन्या रोखते. वाढत्या अवयवाच्या कोवळ्या वाहिन्या गेल्या की अवयवही खुंटतो, असा त्या अपघाताचा एक उलगडा मिळाला, आणि औषध मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या उपचारात आले.

ज्यांची गाठ काढता येत नाही किंवा परतते, त्यांच्यासाठी वाहिन्यांवर काम करणारा स्वस्त उपाय मुंबईच्या टाटा रुग्णालयाने नीट तपासला आहे: मेट्रोनॉमिक केमो, म्हणजे कमी मात्रेची, न थांबता तोंडाने घ्यायची औषधे. मेथोट्रेक्झेट शरीराच्या दर चौरस मीटरला १५ मि.ग्रॅ. आठवड्यातून एकदा, आणि सेलेकॉक्सिब २०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. मोठ्या मात्रेच्या केमोमध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या सुटीत वाहिन्यांच्या पेशी सावरतात. न थांबणाऱ्या बारीक माराने त्यांना ती सवड मिळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुष्य सिस्प्लॅटिनवर ६.१ महिने, गोळ्यांवर ७.५ महिने होते, आणि गंभीर त्रास कमी होता. २०२३ मध्ये तिथल्याच दुसऱ्या चाचणीत मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तिघांना निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची अगदी छोटी मात्रा, २० मि.ग्रॅ. दर तीन आठवड्यांनी, जोडली तेव्हा वर्षभर जगणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झाले. ज्याला महिन्यातून चार वेळा एसटीने नागपूर गाठता येत नाही, त्याच्यासाठी गोळ्यांना फार मोल आहे.

धोका मात्र मोठा आहे. मेथोट्रेक्झेट रोज घेतले तर तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि माणूस दगावतो. हे चिठ्ठीवर लिहून भागत नाही. गावच्या बाजाराच्या दिवशीच घ्यायचे असे ठरवून द्यावे, आणि आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधाव्यात. मूत्रपिंड आणि रक्ताची तपासणी ठरल्या दिवशी करावी, आणि दुकानातून अंगदुखीची आणखी कोणतीही गोळी घेऊ नये.

उजवी दाढ

किरणोपचारानंतर सात महिन्यांनी उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. पोटरीचा व्रण तोवर कातडीच्या रंगाला आला होता आणि तपासणीत गाठ परतल्याची खूण नव्हती. तालुक्याचा दवाखाना दाढ लगेच काढायला तयार होता. ती काढली नाही. किरणांनी जबड्याच्या हाडातल्या बारीक धमन्या आतून जाड होऊन मिटत जातात. असे हाड नव्या वाहिन्या धरू शकत नाही आणि खळगा महिनोन्‌महिने उघडा राहून हाड कुजते. डाव्या बाजूचा खळगा गाठीमुळे भरत नव्हता, उजवा किरणांमुळे भरला नसता. खरे तर खराब दात किरणोपचाराच्या किमान दोन-तीन आठवडे आधी, वाहिन्या शाबूत असताना काढायचे असतात. ही दाढ तेव्हा चांगली दिसली होती. आता मूळ न काढता तिचे रूट कॅनल केले आणि माथा बसवला. तोंड २५ मि.मी. उघडत होते, त्यामुळे एकाच्या जागी चार बैठका लागल्या. रोज फ्लोराइड जेल, आणि कोणताही दात काढण्याआधी कर्करोग रुग्णालयाला फोन, असे त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे.